'मेस्मराइझ' हा इंग्रजी शब्द नेमका केव्हा आणि कसा वापरावा

एखाद्या गोष्टीने आपले लक्ष पूर्णपणे वेधून घेतले, असे इंग्रजीत लिहायची वेळ आली की हल्ली बहुतेक मराठी माणसांना पहिल्यांदा 'मेस्मराइझ' हाच शब्द सुचतो. सूर्यास्ताचे छायाचित्र, लग्नाच्या हॉलमधील फुलांची सजावट, स्नेहसंमेलनातील समूहनृत्य आणि नव्या हॉटेलातील मिसळ, या सर्वांच्या खाली 'मेस्मराइझिंग' असा एकच अभिप्राय सापडतो. शब्दात काही खोट नाही, परंतु त्याचा अर्थ 'फार आवडले' एवढाच आहे, असे धरून तो वापरला की वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही पोकळ वाटते. पुढील मजकूर इंग्रजीत परीक्षण, निबंध, प्रवासवर्णन किंवा अहवाल लिहिणाऱ्या मराठी वाचकासाठी आहे.

या शब्दात दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली अशी की लक्ष एका जागी पूर्णपणे स्थिरावते. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची, अशी की ते तेथून काढून घेणे पाहणाऱ्याच्या हाती राहत नाही. रात्री घाटातून जाताना गाडीच्या दिव्यांच्या झोतात ससा सापडतो, तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असतो, त्याच्या पायांत पळण्याची ताकद असते, गाडी जवळ येत असते आणि तरीही तो काही क्षण जागचा हलत नाही. इंग्रजी लेखक या सशाला निःसंकोचपणे 'मेस्मराइझ्ड बाय द हेडलाइट्स' म्हणतो. येथे सौंदर्याचा, आवडीचा किंवा स्तुतीचा प्रश्नच नाही. म्हणूनच हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: त्या माणसाने मनात आणले असते, तर त्याला नजर सहज वळवता आली असती का? उत्तर 'हो' असेल तर दुसरा शब्द शोधावा.

हा असहायतेचा अंश शब्दात कोठून आला, हे त्याच्या जन्मकथेवरून समजते. फ्रान्झ अँटोन मेस्मर हा १७३४ मध्ये जर्मनभाषक प्रदेशात, बोडन सरोवराच्या काठी जन्मलेला आणि व्हिएन्नामध्ये शिकलेला डॉक्टर. सर्व सजीवांमधून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि तो अडला की रोग होतो, असा त्याचा सिद्धांत होता. त्या प्रवाहाला त्याने 'प्राणिज चुंबकत्व' असे नाव दिले. आरंभी तो रोग्यांवर लोहचुंबक फिरवत असे, पुढे केवळ हात फिरवून उपचार करू लागला. १७७८ मध्ये तो पॅरिसला गेला आणि तेथे त्याचे प्रस्थ एवढे वाढले की एकेका रोग्याला वेळ देणे त्याला अशक्य झाले. मग त्याने एक मोठे झाकणबंद लाकडी पिंप तयार करवून घेतले. त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या भागाला लावून रोगी त्याच्याभोवती बसत आणि त्यांपैकी अनेकांना झटके येत, रडू कोसळे किंवा शुद्ध हरपे.

१७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने या प्रकाराच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचा पॅरिसमधील प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गिलोटिन अशी मंडळी होती. समितीने मेस्मरचा शिष्य देलाँ याच्यासमवेत प्रयोग केले. फ्रँकलिनच्या घरच्या बागेत एका मुलाला डोळे बांधून झाडांजवळ नेण्यात आले. त्यांपैकी एकच झाड देलाँने आधी 'चुंबकित' केलेले होते. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडाजवळ. परिणाम खरा आहे, मात्र तो प्रवाहाचा नसून कल्पनाशक्तीचा आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. सिद्धांत खोटा ठरला तरी हाताच्या संथ हालचालींनी माणूस अर्धवट निद्रेसारख्या अवस्थेत जातो, हा अनुभव उरला. मेस्मरचाच अनुयायी असलेल्या प्युइसेगुरने त्याच वर्षी त्या शांत, तंद्रीसारख्या अवस्थेकडे लक्ष वेधले. मेस्मर १८१५ मध्ये मरण पावला. त्याच्या नावावरून इंग्रजीत क्रियापद रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः 'मेस्मरच्या पद्धतीने तंद्रीत नेणे' असाच होता.

या कथेचा एक धागा भारताशीही जोडलेला आहे. जेम्स एस्डेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश शल्यविशारद १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे रोग्यांना मेस्मरच्या पद्धतीने तंद्रीत नेऊन मोठ्या शस्त्रक्रिया करू लागला आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यासाठी वेगळे रुग्णालय चालवण्याची त्याला परवानगी मिळाली. ईथर आणि क्लोरोफॉर्म प्रचारात आल्यावर ही पद्धत मागे पडली. दरम्यान मँचेस्टरचा जेम्स ब्रेड याने १८४३ च्या आपल्या पुस्तकात चुंबकाची कल्पना बाजूला सारून 'हिप्नॉटिझम'ची परिभाषा मांडली. वैद्यकाने ती उचलली आणि 'मेस्मराइझ' हे क्रियापद रोजच्या भाषेसाठी मोकळे झाले. आज ते लाक्षणिक अर्थानेच वापरले जाते. मात्र संथ, पुनःपुन्हा होणारी हालचाल आणि तिच्यापुढे विरघळलेली इच्छाशक्ती, हे मूळ चित्र त्याच्या पाठीशी अजून उभे आहे. चांगला इंग्रजी लेखक हा शब्द योजतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा लय असलेली एखादी गोष्ट असते: ज्वाला, लाटा, पडता पाऊस, झोपाळ्याचे हेलकावे, नर्तकाचे हात, एकाच पट्टीत चाललेला आवाज.

वाक्यात बसवताना

मराठी माणसाच्या चुका येथे ठरावीक असतात आणि त्या मराठीच्याच वळणातून येतात. 'तिच्या गाण्याने श्रोते मंत्रमुग्ध झाले' हे आपले नेहमीचे वाक्य आहे. त्यात 'झाले' हे क्रियापद स्वतंत्र असल्यामुळे इंग्रजीत जाताना ते कोठे गेले, याचा विसर पडतो आणि 'द ऑडियन्स मेस्मराइझ्ड बाय हर सिंगिंग' असे अर्धे वाक्य लिहिले जाते. इंग्रजीत या जागी कर्मणी रचना लागते; त्यामुळे 'द ऑडियन्स वॉज मेस्मराइझ्ड बाय हर सिंगिंग' असेच लिहिले पाहिजे. 'झाले'चे काम 'वॉज' करतो आणि 'गाण्याने'मधील 'ने'चे काम 'बाय' करतो, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात. कर्तरी रचना हवी असेल तर 'हर सिंगिंग मेस्मराइझ्ड द ऑडियन्स' असे लिहावे. हे क्रियापद सकर्मक आहे, म्हणून कोणावर परिणाम झाला ते सांगावेच लागते. 'हर सिंगिंग मेस्मराइझ्ड' एवढ्यावर थांबले की वाचक पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

दुसरी चूक शेवटच्या प्रत्ययाची आहे. 'आय वॉज मेस्मराइझिंग' असे लिहिणाऱ्याला 'मी भारावून गेलो' असे म्हणायचे असते, पण त्याचा अर्थ 'मीच इतरांवर मोहिनी घालत होतो' असा होतो. यावर मराठीतच तोडगा आहे. 'मोहक' आणि 'मोहित' या जोडीत परिणाम करणारा मोहक असतो आणि ज्याच्यावर परिणाम होतो तो मोहित. 'आकर्षक' आणि 'आकर्षित' यांचेही तसेच. मनात 'क' असेल तेथे 'मेस्मराइझिंग' आणि 'इत' असेल तेथे 'मेस्मराइझ्ड' लिहावे. नृत्य मोहक होते, म्हणून ते मेस्मराइझिंग. प्रेक्षक मोहित झाले, म्हणून ते मेस्मराइझ्ड. हीच कसोटी 'इंटरेस्टिंग' आणि 'इंटरेस्टेड' किंवा 'बोरिंग' आणि 'बोअर्ड' या जोड्यांनाही लागू पडते. विद्यार्थ्यांना इंग्रजी व्याकरणातील 'पार्टिसिपल'ची व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा ही जोडी सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

'आय वॉज मेस्मराइझ्ड टू सी द फोर्ट' ही रचनाही टाळावी. 'टू सी' हे तत्क्षणी उमटणाऱ्या भावनेबरोबर शोभते, जसे 'डिलाइटेड टू सी' किंवा 'सरप्राइझ्ड टू सी'. मेस्मराइझ होण्याला वेळ लागतो. पाहता पाहता माणूस त्या अवस्थेत जातो. त्यामुळे किल्ला पाहून क्षणात आश्चर्य वाटले असेल तर 'ॲस्टॉनिश्ड टू सी' लिहावे, आणि बुरुजावर बसून दरीतून वर चढणाऱ्या धुक्याकडे बराच वेळ पाहत राहिलो असू, तरच 'मेस्मराइझ्ड बाय द मिस्ट' लिहावे.

'व्हेरी मेस्मराइझ्ड' असे इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत, कारण शब्दाचा अर्थ आधीच टोकाचा आहे. मराठीतही आपण 'खूप मंत्रमुग्ध' म्हणत नाही. 'पुरते मंत्रमुग्ध' म्हणतो. तेच काम 'कम्प्लीटली' किंवा 'अटर्ली' करतात. उलट बाजूने 'ऑलमोस्ट' चालतो, आणि मोजून मापून लिहिणाऱ्या समीक्षकाच्या हाती तो चांगला उपयोगी पडतो.

या शब्दाची सर्वांत देखणी जागा मात्र वेगळीच आहे. सह्याद्रीत भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. एखाद्या झाडावरचे असंख्य काजवे हळूहळू एकाच तालात उजळू आणि विझू लागतात. मग शेजारचे झाड त्या तालात येते, आणि पाहणाऱ्यांची कुजबुज आपोआप थांबते. हे इंग्रजीत लिहिताना 'वी वेअर मेस्मराइझ्ड' असे सरळ विधान करण्याऐवजी 'वी स्टुड मेस्मराइझ्ड ॲज द ट्री पल्स्ड विथ लाइट' असे लिहिले तर वाक्यात उभे राहणेही येते, अवस्थाही येते आणि कारणही डोळ्यांपुढे उभे राहते. 'स्टुड', 'सॅट', 'वॉच्ड', 'लिसन्ड' अशा साध्या क्रियापदांना लागून 'मेस्मराइझ्ड' ठेवण्याची ही लकब इंग्रजी गद्यात फार रुळलेली आहे आणि आपल्याकडे ती पुरेशी वापरली जात नाही.

शेजारचे शब्द

लक्ष वेधण्याच्या अर्थाचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत आणि कोशात ते एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले असतात. तरीही त्यांची अदलाबदल सर्वत्र चालत नाही.

अंगणात रांगोळी काढणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून पांढरी रेघ एकसारखी सुटते आहे, ठिपक्याला वळसा घालून पुढच्या ठिपक्याकडे जाते आहे, कोठेही जाड-बारीक होत नाही. ती बाई स्वतः कामात गढलेली आहे. तिचे लक्ष तिने स्वतः तेथे लावले आहे, आणि चिमटीतील पूड संपली की ती भानावर असल्याप्रमाणे वाटीकडे हात नेते. तिच्यासाठी 'एन्ग्रॉस्ड इन' किंवा 'ॲब्सॉर्ब्ड इन' हे शब्द योग्य. तेथेच थांबून ती सरकणारी रेघ पाहत राहिलेला वाटसरू मात्र 'मेस्मराइझ्ड बाय' आहे. प्रसंग एकच आहे, पण एकीचे लक्ष तिच्या ताब्यात आहे आणि दुसऱ्याचे नाही. शब्दयोगी अव्ययही हाच फरक दाखवते: 'इन' म्हणजे माणूस स्वतः त्या कामाच्या आत शिरला, आणि 'बाय' म्हणजे बाहेरच्या गोष्टीने त्याला धरले.

'फॅसिनेट' या शब्दात कुतूहल आहे. जुने भिंतीवरचे घड्याळ उघडून त्याची चक्रे पाहणाऱ्या मुलाला प्रश्नामागून प्रश्न पडत असतील तर तो 'फॅसिनेटेड' आहे. लंबकाकडे टक लावून गप्प बसला असेल तर 'मेस्मराइझ्ड'. प्रश्न सुचू लागतात की थांबतात, यावरून शब्द निवडावा. त्यामुळेच इतिहास, गणित, एखाद्या भाषेचे व्याकरण, शेजारच्या देशाचे राजकारण असे विषय 'फॅसिनेटिंग' असतात. त्यांना 'मेस्मराइझिंग' म्हटले की लिहिणाऱ्याने ते नुसतेच दुरून पाहिले असावेत, अशी शंका येते.

'रिव्हेटिंग' हा शब्द मराठी माणसाला सर्वांत सोपा जावा, कारण आपला 'खिळवून ठेवणारा' त्याच वाटेने आला आहे. 'रिव्हेट' म्हणजे धातूचे पत्रे एकमेकांना पक्के जोडणारी खीळ. येथे लक्ष धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ताण: पुढे काय होणार, ही उत्सुकता. रहस्यकथा, न्यायालयातील उलटतपासणी, एकदिवसीय सामन्याचे शेवटचे षटक, हे सर्व 'रिव्हेटिंग'. त्याच सामन्यात दुपारच्या उन्हात एका टोकाकडून षटकामागून षटक टाकणारा फिरकी गोलंदाज, ज्याच्या हवेत रेंगाळणाऱ्या चेंडूपुढे फलंदाजाचे पाय हलेनासे होतात, त्याच्या माऱ्याला क्रिकेटचे इंग्रजी लेखक 'मेस्मराइझिंग स्पेल' म्हणतात, आणि ते अगदी चपखल असते. नजर किंवा पडदा यांच्या संदर्भात 'रिव्हेटेड टू' असा 'टू' येतो, 'बाय' नव्हे; 'देअर आइज वेअर रिव्हेटेड टू द स्क्रीन'.

'कॅप्टिव्हेट' सौम्य आणि प्रसन्न आहे. त्याच्या मुळाशी कैद्याचा अर्थ असला तरी आज त्यात गोडवा आहे. स्मितहास्य, लहान मूल, शहराचा जुना भाग, एखाद्या कादंबरीची नायिका यांच्यासाठी तो वापरावा. 'एन्थ्रॉल' आणि 'स्पेलबाउंड' हे रंगमंचाचे आणि कथनाचे शब्द आहेत. कीर्तनकाराने आख्यान रंगवले आणि श्रोते तासभर हलले नाहीत, तर 'ही हेल्ड देम स्पेलबाउंड' हे वाक्य 'मेस्मराइझ'पेक्षा अधिक शोभते, कारण तेथे कथेची पकड आहे. चव आणि वास यांच्यासाठी या कुटुंबातील कोणताच शब्द फारसा कामाचा नाही. मिसळीला 'इरेझिस्टिबल' म्हणावे.

मराठीत आणताना

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी मजकुराचे मराठी करताना, प्रत्येक वेळी 'मंत्रमुग्ध' लिहिण्याची सवय वृत्तपत्रांनी लावली आहे. कार्यक्रमाच्या बातमीत 'रसिक मंत्रमुग्ध झाले' हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की ते वाचून कोणाला काहीही दिसत नाही. प्रसंगानुसार 'भान हरपले', 'नजर हटेना', 'गुंगून गेले', 'देहभान विसरले' यांपैकी एक निवडावा. 'भारावून गेले' हा मात्र वेगळा आहे. त्यात आदर किंवा कृतज्ञता मिसळलेली असते, म्हणून सत्कार-समारंभात तो ठीक, लाटा पाहताना नाही.

शब्दाची काळी बाजू भाषांतरात सर्वाधिक वेळा निसटते. 'द क्राउड वॉज मेस्मराइझ्ड बाय हिज प्रॉमिसेस' या वाक्यात लेखक वक्त्याची स्तुती करत नसून लोकांनी विचार करणे सोडले, असे सुचवत आहे. तेथे 'त्याच्या आश्वासनांनी जनसमुदाय मंत्रमुग्ध झाला' असे लिहिले तर टीकेचे कौतुक होऊन बसते. 'लोक त्याच्या आश्वासनांना भुलले' हे बरोबर मराठी. जादूगाराच्या बाबतीत 'नजरबंदी' हा आपला जुना आणि नेमका शब्द आहे. आणि मजकूर मेस्मरच्या काळाविषयी असेल तर 'मोहिनीविद्या' हा जुन्या मराठीतला शब्द आजच्या 'संमोहनशास्त्रा'पेक्षा अधिक न्याय देतो.

उच्चाराविषयी एवढेच सांगायचे की आपण देवनागरीत 'मेस्मराइझ' लिहितो, तरी इंग्रजीत पहिल्या 'एस'चा उच्चारही 'झ'कडे झुकतो, म्हणजे 'मेझ्मराइझ', आणि आघात पहिल्या 'मेझ्'वर असतो. 'मेझ्मेरिक' या विशेषणात तो आघात 'मेर'वर सरकतो. शेवटचे अक्षरलेखन अमेरिकेत 'झेड'ने, तर ब्रिटिश वळणात 'एस' किंवा 'झेड' यांपैकी कोणत्याही एकाने करतात. भारतीय शाळा-महाविद्यालयांत 'एस'चे वळण अधिक रूढ आहे. जे निवडाल ते त्याच मजकुरातील 'रिअलाइझ' आणि 'ऑर्गनाइझ' या शब्दांनाही लावावे.

नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठीचे निवेदन आणि कार्यालयीन पत्रव्यवहार यांत हा शब्द अजिबात वापरू नये. 'आय वॉज मेस्मराइझ्ड बाय युअर ॲन्युअल रिपोर्ट' असे वाचून समोरच्या अधिकाऱ्याला एक तर थट्टा वाटेल, नाही तर अर्जदाराने अहवाल वाचलेलाच नाही, असे वाटेल. तेथे 'इम्प्रेस्ड बाय' पुरेसा असतो, आणि त्याच्यापुढे अहवालातील कोणती गोष्ट चांगली वाटली, ते एका वाक्यात लिहावे.